तकदीर लिहिलेलीच असेल, तर दुआ कशाला?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या एखाद्या विषम रात्री शबे कद्र येते. पुढच्या वर्षाचे फैसले या रात्री उतरतात, अशी श्रद्धा आहे. आणि याच रात्री लोक पहाटेपर्यंत दुआ मागत जागतात. मग विद्यार्थी विचारतात, "सर, अल्लाहला सगळं आधीच माहीत आहे, तर माझ्या हातात काय उरलं?"

हा प्रश्न इस्लामच्या पहिल्या शतकांपासूनचा आहे. जबरिया पंथ म्हणे, माणसाच्या हातात काहीच नाही. कदरिया म्हणत, कृती पूर्णपणे माणसाचीच. इमाम अशअरी (निधन सुमारे इ.स. 936) यांनी मधली वाट काढली : कृती निर्माण करतो अल्लाह, पण ती 'कमावतो' माणूस, म्हणून जबाबही त्यालाच द्यावा लागतो. प्रारब्ध की प्रयत्न, हा वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये.

वाद बाजूला ठेवून रोजाच पाहा. दार बंद आहे, घसा कोरडा पडला आहे, हातात पाण्याचा पेला आहे. हा माणूस पिणार की नाही, हे अल्लाहला माहीत आहे. पण पेला खाली ठेवणारा हात त्याचाच असतो. त्याने वेगळे ठरवले असते, तर अल्लाहला तेच ठाऊक असते. जाणणे म्हणजे भाग पाडणे नव्हे. तसे असते, तर रोजाला सवाब, म्हणजे पुण्य, कशाचे?

इ.स. 638-39 च्या सुमारास खलिफा हजरत उमर (रजि.) शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या प्रदेशाकडे, निघाले होते. तिथे प्लेग पसरल्याचे वाटेत कळले. सल्लामसलत करून त्यांनी परतायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर यांच्या उत्तराचा आशय असा : होय, एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे. खोऱ्याची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारा, ती तकदीरच. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण तेव्हाच एका सहकाऱ्याने सांगितली. उमर मदिनेला परतले. अबू उबैदा आपल्या लोकांसोबत राहिले आणि त्याच साथीत गेले. तकदीरवरचा विश्वास दोघांचा सारखाच होता, निर्णय मात्र ज्याचा त्याने घेतला.

आपल्याकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने कुणाला उडवले, हुशार मुलीची शाळा सुटली, की आपण 'नशीब' म्हणून मोकळे होतो. तकदीर हा दुःख सोसताना मिळणारा आधार आहे. गुन्हेगाराची सुटका करण्यासाठी किंवा स्वतःचा आळस झाकण्यासाठी ती नाही.

'कद्र' या अरबी शब्दात ठरवलेले माप आणि मोल हे दोन्ही अर्थ आहेत. माप अल्लाहच्या हाती आहे. मिळालेल्या रात्रीचे मोल करायचे की ती झोपून घालवायची, हे आपण ठरवायचे.