इंजिन नसलेली विमानं

ढगांच्या वर सकाळचं तिरपं ऊन. एक बुटकं, फुगीर पोटाचं जेट विमान डावीकडे कललंय. नाकाच्या जागी नुसतं गोल तोंड, पंख मागे ओढलेले, शेपटीचा खांब अंगाच्या मानाने भलताच उंच. तोंडाभोवती तोफांच्या धुराची काजळी, पंखाच्या बुडाशी मेकॅनिकच्या बुटांनी उडालेला रंग, खाली दूरवर पेटलेलं अमेरिकी बी-१७ बॉम्बर. चित्र इतकं नेटकं की फोटोच वाटावा. चित्रातला काळ १९४६चा. युरोपातलं युद्ध मे १९४५मध्ये संपलं होतं, आणि हे विमान कधी बनलंच नव्हतं.

फोके-वुल्फ टीए १८३ हे त्याचं नाव. लाडाने त्याला हुकेबाइन म्हणत. विल्हेल्म बुशच्या चित्रकथेतला उपद्व्यापी कावळा तो. कावळा कागदावरच राहिला. पण संगणकावर चित्रं काढणाऱ्यांनी त्याला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतक्या वेळा उडवलंय की प्रत्यक्ष बनलेल्या कित्येक विमानांच्या वाट्याला एवढी चित्रं आली नसतील. या चित्रप्रकाराला ‘लुफ्ट ४६’ म्हणतात. कल्पना सोपी आहे: युद्ध आणखी एक वर्ष चाललं असतं, तर जर्मन ड्रॉइंग बोर्डांवरचं काय काय आकाशात दिसलं असतं? त्यातून चित्रं आली, प्लास्टिकची मॉडेल आली, ‘आयएल-२ स्टुर्मोविक: १९४६’सारखा संगणकीय खेळ आला. ‘कॅप्टन अमेरिका’ या २०११च्या सिनेमात खलनायक ज्या चक्रावणाऱ्या यंत्रात बसून पळतो, तेही याच खाणीतलं.

खाण खरोखर मोठी आहे. त्या खलनायकाच्या यंत्रामागचं ‘ट्रीबफ्ल्यूगेल’ घ्या. हे शेपटीवर उभं राहणार, धडाभोवती तीन पंख गरागरा फिरणार आणि पंखांच्या टोकांना रॅमजेट इंजिनं. रॅमजेट जागच्या जागी चालत नाही, म्हणून पंखांना सुरुवातीचं फिरणं द्यायला रॉकेटं. उतरताना पायलटने मान वळवून मागे जमीन बघत शेपटीवर बसायचं! डिझायनर लिपिशचं पी-१३ त्याहून अजब: त्रिकोणी विमान, इंधन दगडी कोळसा. पेट्रोल संपत आलेल्या देशाने कोळशावर ध्वनीपेक्षा वेगाने उडायचं ठरवलं होतं. त्याची आधीची पायरी असलेलं डीएम-१ हे ग्लायडर विद्यार्थ्यांनी बांधायला घेतलं, ते अमेरिकनांच्या हाती लागलं आणि १९४६मध्ये तिकडच्या लँगलीच्या विंड टनेलमध्ये तपासलं गेलं. सेंगरचं ‘झिल्बरफोगेल’ हे रॉकेट-बॉम्बर तर वातावरणाच्या माथ्यावरून टप्पे खात अमेरिकेपर्यंत जाणार होतं.

ही चित्रं करणाऱ्याच्या हाती असतात तीन बाजूंची ड्रॉइंगं: बाजूने, वरून, समोरून. बऱ्याचदा तीही धूसर, मायक्रोफिल्मवरून मोठी केलेली. ब्लेंडरसारख्या त्रिमिती प्रोग्राममध्ये ही तीन ड्रॉइंगं तीन भिंतींसारखी उभी करायची, मध्ये धडाचे गोल काप ठेवायचे आणि त्यांच्यावरून कातडी ताणायची. इथपर्यंत काम सरळ. मग ड्रॉइंग गप्प होतं. चाक पोटात घ्यायचं म्हटलं की कधी ते इंधनाच्या टाकीतून आरपार जातं. पायलटची खुर्ची बसवली की त्याचं डोकं काचेला लागतं. पत्र्यांचे सांधे कुठे, रिव्हेटच्या ओळी कशा, झाकणं कुठे उघडतात, यातलं काहीच कागदावर नसतं. चांगला कलाकार मग त्याच कारखान्याच्या खऱ्या विमानाकडे जातो. टीए १८३साठी फोके-वुल्फ १९०चे जुने फोटो चाळतो आणि तिथली सांधे घालण्याची रीत इथे आणतो. रंग युद्धाच्या शेवटच्या महिन्यांतलेच: वरून जांभळट तपकिरी आणि हिरवा, पोटाला फिका निळा. शेपटीवरचं स्वस्तिक मात्र पुष्कळदा नसतं. जर्मनीत ते दाखवण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून तिथल्या मॉडेलच्या खोक्यांवर शेपट्या कोऱ्या असतात.

या कारागिरीबद्दल मला आदर आहे. तक्रार आहे ती काजळीबद्दल. रंग उडालेला, धूर बसलेला, तेलाचे ओघळ आलेले, म्हणजे हे विमान महिनोन्महिने उडत आलंय असं चित्र सांगतं. सगळ्यात मोठी थाप तीच, आणि तीच सगळ्यात मन लावून रंगवलेली असते.

माझ्यासारख्या, कोकणातल्या हर्णे बंदरात राहणाऱ्याला हे जास्त खटकतं, कारण इथे सगळं उलटं आहे. इथल्या किनाऱ्यावर जुने मेस्त्री लाकडी होडी बांधत ती कागदाशिवाय. आधी कणा, मग फासळ्या, मग फळ्या, आणि माप डोळ्यात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं, १७५५च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने घेतलं. या पाण्यातून गेलेल्या गुराबा आणि गलबतं लढली, बुडाली, जळाली, तोफांच्या काजळीने खरोखरच काळी पडली. पण आज कोणाला संगणकावर मराठ्यांची गुराब उभी करायची असेल, तर बांधणीचं ड्रॉइंग मिळत नाही. युरोपीय चित्रकारांची चित्रं आणि शत्रूच्या नोंदी यांवरून आकार जुळवावा लागतो. जी जहाजं होती त्यांचे आराखडे नाहीत, आणि जी विमानं नव्हती त्यांची ड्रॉइंगं पेट्याच्या पेट्या भरून मिळतात. चित्रकार कुठे वळणार हे उघडच आहे.

ड्रॉइंगं एवढी साठली कशी, याचं उत्तर १९४४च्या उत्तरार्धात आहे. जर्मन हवाई मंत्रालयाने एका इंजिनाच्या नव्या जेट फायटरची मागणी काढली. वेग ताशी हजार किलोमीटर, चढ चौदा हजार मीटर. फोके-वुल्फ, मेसरश्मिट, युंकर्स, हाइनकेल, सगळ्यांनी कागद भरले. १९४५च्या सुरुवातीला फोके-वुल्फचा आराखडा पसंत झाला. मूळ कल्पना हान्स मुल्टहॉपची, मुख्य डिझायनर कुर्ट टँक. एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य बाड आइलसनला पोचलं आणि फोके-वुल्फचं डिझाइन ऑफिस त्यांच्या हाती आलं. मेसरश्मिटचं पी-११०१ हे त्यातलं त्यात नशीबवान. ते ओबरआमरगाऊला जवळजवळ पूर्ण झालेलं सापडलं. अमेरिकनांनी ते घरी नेलं, त्यावरून बेल कंपनीने उडता उडता पंख मागेपुढे करणारं एक्स-५ केलं, आणि ते १९५१मध्ये उडालं.

ही सगळी आखणी एका इंजिनाच्या भरवशावर होती. हाइनकेल ०११. त्याच्याकडून तेराशे किलो रेट्याची अपेक्षा होती. युद्ध संपेपर्यंत अशी इंजिनं बनली एकोणीस. जे युंकर्स ००४ हजारोंनी बनत होतं, ते निकेल-क्रोमियमच्या टंचाईमुळे वीस-पंचवीस तासांत निकामी होई. चित्रकाराला पंखांचा कोन, रंग, ढग, ऊन सगळं जमतं. इंजिन मात्र त्याला बनवावं लागत नाही. नळकांड्याच्या तोंडाशी नारिंगी उजेड दिला की काम झालं.

आणखी एक गोष्ट त्या चित्रांच्या चौकटीत येत नाही. नोर्डहाउझनच्या डोंगरातल्या बोगद्यांत व्ही-२ रॉकेटं आणि जेट इंजिनं जोडणारे हात मिटेलबाऊ-डोरा छळछावणीच्या कैद्यांचे होते. सुमारे साठ हजार माणसं त्या छावणीच्या तावडीत सापडली, त्यातली वीस हजारांच्या आसपास मेली. ‘आणखी एक वर्ष’ ही कल्पना चित्रात रम्य दिसते. ते वर्ष कोणाच्या जिवावर निघालं असतं, हे चित्राखालच्या ओळीत तरी यायला हवं.

कल्पनेला वजनकाट्यावर ठेवण्याचा एक चांगला प्रयोग झालाय. हॉर्टेन बंधूंचं शेपटी नसलेलं हो-२२९ रडारला दिसलंच नसतं, अशी दंतकथा होती. हे विमान कागदावरचं नव्हे. त्याचा नमुना फेब्रुवारी १९४५मध्ये उडाला आणि त्याच महिन्यात पडला, पायलट एर्विन त्सिलर गेला. २००९च्या सुमारास नॉर्थ्रॉप ग्रुमनच्या लोकांनी लाकडाची पूर्ण आकाराची प्रतिकृती केली आणि रडारसमोर उभी केली. ती त्या काळच्या साध्या फायटरपेक्षा वीसेक टक्के कमी अंतरावरून दिसू लागली. दंतकथेतून एवढाच पल्ला उरला.

असाच एक प्रयोग आपल्याकडेही झाला. पुरता, धातूत, उडवून. त्याची वाट अर्जेंटिनावरून येते. कुर्ट टँक युद्धानंतर खोट्या नावाने अर्जेंटिनाला गेला. तिथे टीए १८३च्या घराण्यातलं ‘पुल्की-२’ त्याने केलं. ते १९५०मध्ये उडालं. कागदावर देखणी दिसणारी उंच शेपटी आणि झुकलेले पंख हवेत वेगळेच वागत, दोन पायलट चाचण्यांत गेले. इंजिन इंग्रजी होतं, रोल्स-रॉइस नीन. मिग-१५ ही टीए १८३ची नक्कल अशी कथा अजून फिरते. रशियनांनी खरं काय मिळवलं असेल तर तेच नीन इंजिन, ब्रिटनकडून रीतसर विकत. पेरॉनची सत्ता गेल्यावर टँकचं बस्तान उठलं आणि १९५६मध्ये तो जर्मन सहकाऱ्यांसह बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला.

तो आला ती जागा ओसाड नव्हती, हे आपण विसरतो. तो कारखाना डिसेंबर १९४०मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेला. तिथल्या डिझाइन विभागाचा कणा म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटलच्या हाताखाली १९३६मध्ये डॉक्टरेट झाले. मागे झुकलेल्या पंखाची कल्पना आडोल्फ बुझेमानने १९३५मध्ये रोमच्या परिषदेत मांडली. तोही ग्योटिंगेनमध्ये प्रांटलकडे घडलेला. म्हणजे ज्या विद्येवर ‘लुफ्ट ४६’चा डोलारा उभा आहे, तिच्या उगमाशी कोल्हापूरकडचा एक माणूस बसून आला होता. त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान टँक येण्याआधी पाच वर्षं, ऑगस्ट १९५१मध्ये उडालं.

टँकने इथे आखलं एचएफ-२४ मारुत. हे टीए १८३ नव्हे. दोन इंजिनं, खाली बसवलेले पंख, लांब सडपातळ धड. पण डिझायनर तोच. आधी लाकडाचं पूर्ण आकाराचं ग्लायडर केलं, १९५९मध्ये डकोटा विमानामागे दोर बांधून ते वर नेलं आणि सोडलं. जून १९६१मध्ये विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिला मारुत उडवला. रूप असं की आजही मान वळते.

आणि इंजिन? विमान आखलं होतं ध्वनीच्या दुपटीच्या हिशेबाने, आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून रेटा वाढवणारा भाग) असलेल्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनासाठी. ब्रिटिशांनी त्या इंजिनाचं काम सोडलं, आणि पुढे नेण्यासाठी लागणारा पैसा आपण दिला नाही. हाती उरलं साधं ऑर्फियस ७०३, प्रत्येकी दोन हजार दोनशे किलो रेट्याचं. मारुत ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावर अडकला. इजिप्तमध्ये ब्रँडनर नावाचा ऑस्ट्रियन डिझायनर इंजिन करत होता, त्याच्यासाठी एक मारुत तिकडे पाठवून पाहिला. तोही प्रकल्प बंद झाला. इथेच आफ्टरबर्नर जोडण्याचा घाट घातला. त्या मारुतच्या उड्डाणात जानेवारी १९७०मध्ये सुरंजन दास गेले. तरीही १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतने जमिनीवरच्या लक्ष्यांवर चोख काम केलं, आणि हवेतल्या लढतीत एकही मारुत पडला नाही. एकूण १४७ बनले.

त्याच काळात घाटग्यांच्या विभागाने किरण हे शिकाऊ जेट केलं. ते १९६४मध्ये उडालं. त्याच्यावर कोणी चित्रमालिका करत नाही. सरळ पंख, गोल नाक. पण इंजिन आधी ठरलेलं, बाजारात मिळणारं व्हायपर. त्या विमानावर वायुदलाच्या पायलटांच्या पिढ्या शिकल्या, आणि सूर्यकिरण पथकाने पुढे त्याच्यावरच कसरती केल्या. माझं मत विचाराल तर डिझायनर म्हणून त्या दशकात बंगळुरूत अधिक शहाणा होता तो किरणवाला. टँकची रेघ अधिक सुंदर होती, हे मान्य.

मारुत अजून बघायला मिळतो. पुण्यात कमला नेहरू पार्कात एक आहे, मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरात एक, आणि एक पार म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात. आपल्याकडची पोरं आता ब्लेंडर लीलया चालवतात, आणि त्यातल्या कोणाला टीए १८३ करून पाहायचं असेलही. त्यांनी त्याआधी एकदा पुण्याला जाऊन त्याच डिझायनरचं हे विमान चारी बाजूंनी बघावं, पत्र्यांचे सांधे बघावेत, फोटो काढावेत. आणि मॉडेल करायचंच तर आधी मारुतचं करावं.