पायाखालची वसई

औंढ्याच्या नागनाथाला आम्ही जवळा बाजारची माणसं लहानपणापासून जातो. देवळात शिरताना हात आपसूक घंटेकडे जातो, तिचं मूळ गाव कुणी विचारत नाही. नाशिकच्या नारोशंकराची घंटा १७२१ सालची, मेणवलीची १७०७ सालची. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या.

त्या घंटांचं माहेर पाहायला मी वसईच्या किल्ल्यात गेलो. संत जोसेफचं चर्च हे शहराचं मुख्य धर्मग्राम-चर्च. पोर्तुगीज त्याला ‘मात्रिझ’ म्हणत, म्हणजे आई-चर्च. आलेइशो द मेनेझिस आर्चबिशप असताना १६०१ मध्ये ते सुधारून बांधलं, असा लेख दारावर आहे. छप्पर कधीच गेलं. मनोरा उभा आहे. अंग चोरून त्याचा अरुंद गोल जिना चढलं की खाडी दिसते.

पण मला खिळवून ठेवलं ते खालच्या फरशीनं. त्या काळी प्रतिष्ठितांना चर्चच्या आतच पुरत. किल्ल्यातल्याच फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये तर जमीन म्हणजेच दफनभूमी: थडग्यांचे दगड एकाला एक लागून, कुणावर घराण्याची ढाल कोरलेली, कुणावर नुसता मजकूर. त्या मजकुराचा साचा ठरलेला असे: ही कबर अमक्याची, त्याच्या बायकोची आणि वारसांची. एका खड्ड्यात पिढ्यांची सोय. १७३९ नंतर ती घराणी निघून गेली, वारसांची जागा रिकामीच राहिली. झिजत चाललेले हे लेख गोव्याचे डॉक्टर आणि इतिहासकार जुझे गर्सन दा कुन्हा यांनी वाचले आणि १८७६ च्या पुस्तकात छापले, हे त्यांचे मोठे उपकार.

किल्ल्याबाहेर धर्म थांबला नाही. सामवेदी आणि वाडवळी बोलणारे कॅथलिक आजही २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपापल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत जातात, थडगी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. किल्ल्यातल्या थडग्यांवर मात्र मी पाहिले ते खडूनं काढलेले बदाम आणि जोड्यांची नावं.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण एकेका दगडापाशी पहारेकरी उभा करता येत नाही. तुम्ही वसईला गेलात, तर मनोऱ्याकडे मान वर करण्याआधी पायाखाली बघा. अक्षरं दिसली, की दगडाला वळसा घालून जा.