निळे रक्त आणि औषधांतील अहिंसा

रुग्णाच्या शिरेतून दिले जाणारे सलाईन, बालकाला टोचली जाणारी लस, मधुमेही व्यक्तीचे इन्शुलिन, हृदयात बसविली जाणारी कृत्रिम झडप, या साऱ्या वस्तू शुद्धतेच्या एका चाचणीतून गेल्यावरच वापरात येतात. ही चाचणी अनेक ठिकाणी आजही एका सागरी जीवाच्या रक्तावर अवलंबून आहे. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने हे जाणून घ्यावे, आणि या चाचणीला निर्दोष ठरलेला पर्याय विद्यापीठीय संशोधनाने दिला आहे, हेही जाणून घ्यावे.

काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचे विषद्रव्य असते. उकळल्याने जिवाणू मरतात, परंतु हे द्रव्य सहजासहजी नष्ट होत नाही. ते रक्तात मिसळल्यास तीव्र ताप येतो, प्रसंगी प्राणही जातात. ते ओळखण्यासाठी पूर्वी औषध सशांना टोचून त्यांच्या शरीराचे तापमान वाढते का, हे पाहिले जाई.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले : हॉर्सशू क्रॅबच्या रक्तात असे जिवाणू शिरताच ते रक्त गोठते. पुढे जॅक लेव्हिन यांच्या सहकार्याने त्यातून चाचणी सिद्ध झाली आणि १९७७ मध्ये तिला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. सशांचा छळ कमी झाला. ओझे मात्र दुसऱ्या जीवावर गेले.

घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा हा जीव नावाने खेकडा असला, तरी कोळी व विंचू यांचा जवळचा नातलग आहे. त्याचे पूर्वज ४४ कोटी वर्षांपूर्वीही समुद्रात होते. आपल्या देशात तो ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो. त्याच्या रक्तात तांबे असल्यामुळे हवेच्या संपर्कात ते निळे दिसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे जीव पकडून, त्यांचे सुमारे एकतृतीयांश रक्त काढून त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. त्यांपैकी १५ ते ३० टक्के मृत्यू पावतात, असा अंदाज आहे.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील डिंग जीक लिंग आणि हो बो या संशोधक दाम्पत्याने या रक्तातील नेमका कार्यकारी घटक शोधण्याचा ध्यास घेतला. ‘फॅक्टर सी’ हे प्रथिन विष ओळखून गोठण्याची प्रक्रिया सुरू करते. त्यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या कीटकपेशींत ते प्रथिन तयार करविले. या पेशी मुळात कीटकाच्याच ऊतींतून घेतलेल्या असतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु एकदा घेतलेल्या पेशी काचपात्रात वर्षानुवर्षे वाढत राहतात, प्रत्येक वेळी नवा जीव लागत नाही. नव्या चाचणीत विष आढळल्यास प्रथिन सक्रिय होऊन द्रावणात प्रकाश निर्माण होतो आणि तो यंत्राने मोजता येतो.

ही चाचणी २००३ पासून बाजारात आहे. तरीही युरोपीय औषधसंहितेत तिचे स्वतंत्र प्रकरण १ जानेवारी २०२१ रोजी लागू झाले, तर अमेरिकी औषधसंहितेतील प्रकरण मे २०२५ मध्ये. औषधनिर्मात्याला रुळलेली पद्धत सोडून नवी स्वीकारताना पुराव्यांचा नव्याने खटाटोप करावा लागतो. म्हणून शोध लागला की हिंसा आपोआप थांबत नाही. तो शोध स्वीकारणारी माणसे लागतात.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. या कारणाने कोणीही लस वा औषध नाकारू नये; स्वतःच्या व इतरांच्या जीविताची हेळसांड ही अहिंसा नव्हे. आपल्या शास्त्रांनी गृहस्थाच्या जीवनातील उद्योगी हिंसा अटळ मानली आहे, पण ती यत्नपूर्वक कमी करण्याचा विवेकही शिकविला आहे. औषधनिर्मिती, वितरण, वैद्यकीय व्यवसाय व रुग्णालयांचे विश्वस्तपद या क्षेत्रांत आपले अनेक बांधव आहेत. आपल्या संस्थेत कोणती चाचणी वापरली जाते आणि रक्तविरहित चाचणी का नाही, एवढा प्रश्न त्यांनी पुढच्या बैठकीत विचारावा. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठीही येथे मोठे कार्यक्षेत्र खुले आहे. त्रस जीवांची यत्ना आपण स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो. आता ती प्रयोगशाळेपर्यंत पोहोचविण्याची वेळ आली आहे.