टाकणखाराचा रामन वर्णपट

टाकणखार (बोरॅक्स) या सजल बोरेट खनिजाने प्रकीर्णित केलेल्या (विखुरलेल्या) प्रकाशाचा वर्णपट. त्यावरून खनिजातील बोरेट आयनाची रचना व पाण्याचे स्वरूप यांविषयी माहिती मिळते.

टाकणखार मऊ (कठिनता २–२·५), हलका (वि. गु. सु. १·७) व एकनताक्ष स्फटिकांचा असतो. खारी सरोवरे आटून तो तयार होतो. भारतात तो लडाखमधील पुगा खोऱ्यात उष्ण झऱ्यांलगत आढळतो. सोनार डाख देताना तो वापरतात.

रूढ सूत्रानुसार टाकणखार म्हणजे पाण्याचे १० रेणू असलेले सोडियम टेट्राबोरेट होय. तापविल्यावर निघून जाणारे पाणी (वजनाने सु. ४७%) या सूत्राशी जुळते; परंतु ते स्फटिकात कोणत्या रूपात होते, हे त्यावरून कळत नाही. मोरिमोतो यांनी १९५६ मध्ये क्ष-किरण विवर्तनाने ठरविलेल्या संरचनेनुसार पाण्याचे ८ रेणूच स्वतंत्र असतात. उरलेल्या २ रेणूंचे घटक ४ हायड्रॉक्सिल गटांच्या रूपात बोरेट आयनातच बद्ध असतात. या आयनातील २ बोरॉन अणूंभोवती प्रत्येकी ३, तर इतर २ अणूंभोवती प्रत्येकी ४ ऑक्सिजन अणू असतात.

पदार्थावर एकवर्णी प्रकाश टाकल्यास प्रकीर्णित प्रकाशाच्या अल्पांशाची कंप्रता रेणूंच्या कंपनांमुळे बदलते. हा परिणाम चं. वें. रामन व का. श्री. कृष्णन यांनी १९२८ मध्ये कोलकाता येथे शोधून काढला. कंप्रतेतील बदल दर सेंमी.मधील तरंगसंख्येत मांडतात. टाकणखाराच्या वर्णपटातील सर्वांत ठळक रेषा सु. ५७६ येथे असून ती टेट्राबोरेट आयनाच्या सममित कंपनाची निदर्शक आहे. सु. ९४७ येथील रेषा चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या बोरॉनाशी निगडित आहे. ३,००० ते ३,६०० या पट्ट्यात पाणी व हायड्रॉक्सिल या दोहोंची कंपने दिसतात. पाण्याचे पट्टे रुंद, तर हायड्रॉक्सिलाची रेषा त्यामानाने अरुंद असते.

अवरक्त किरण पाण्यात तीव्रतेने शोषले जातात. याउलट पाण्याचे रामन प्रकीर्णन दुबळे असल्याने बोरेटाच्या रेषा झाकल्या जात नाहीत. नमुना दळावा वा तापवावा लागत नाही व तो बंद काचनलिकेत ठेवूनही तपासता येतो. टाकणखाराच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. कोरड्या हवेत त्यातील पाणी निघून जाऊन स्फटिक पांढरे व अपारदर्शक होतात आणि बाह्याकार तसाच राहूनही त्याचे टिंकलकोनाइट बनते. त्यामुळे संग्रहालयातील टाकणखाराचा जुना नमुना प्रत्यक्षात टिंकलकोनाइट असू शकतो. दोहोंत तोच बोरेट आयन असल्याने मुख्य रेषा जवळजवळ एकाच जागी येतात. पाण्याच्या पट्ट्यांतील फरकावरून ती ओळखता येतात.

तीव्र लेसर किरणांनी नमुना तापून त्यातील पाणी जाऊ शकते, म्हणून शक्ती कमी ठेवतात. पाण्याचे नेमके प्रमाण ठरविण्यासाठी मात्र ऊष्मीय विश्लेषणाची जोड द्यावी लागते.