आजाराची धास्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपल्याला एखादा गंभीर आजार जडला आहे, ही भीती तपासण्या नॉर्मल आल्यावरही महिनोन्‌महिने मनातून हलत नाही, तेव्हा तिच्यावरच उपचार करावे लागतात. मानसोपचारात या अवस्थेला आरोग्यचिंता म्हणतात. तिच्याविषयीचे घरोघरचे काही समज रुग्णाला आणखी खोलात लोटतात.

‘सगळे मनाचे खेळ आहेत, दुखतंबिखतं काही नाही,’ हा त्यातला सर्वांत जुना समज. त्रास मात्र खरा असतो. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, स्नायू आखडतात. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरते. लक्षण खरे असते, त्याचा लावलेला अर्थ चुकतो. अशा माणसाला ‘नाटकं करतोस’ म्हणणे हा अन्याय आहे. पुढे तो त्रास सांगायचेच सोडून देतो, हे त्याहून वाईट.

सर्वांत महागात पडणारा समज वेगळाच आहे : एकदा सगळ्या तपासण्या करून टाकल्या की शंका फिटते. पाथर्डीहून नगरला आणि नगरहून सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याला जाणाऱ्या एसटीत अशा प्रवाशाच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात ईसीजीच्या पट्ट्या, सोनोग्राफीचे कागद, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. रिपोर्ट चांगला आला की हायसे वाटते. आठवडाभरात ‘लॅबवाल्यांचंच चुकलं असेल तर?’ हा प्रश्न उभा राहतो. भीती वाटली की तपासणी, तपासणी झाली की सुटका, हे मेंदूच्या अंगवळणी पडते आणि प्रत्येक दिलासा पुढच्या शंकेची सोय करून ठेवतो. मोबाइलवर लक्षणे शोधणे आणि घरच्यांना पुन्हापुन्हा ‘मला काही झालं नाही ना?’ विचारणे, दोन्ही याच चक्रातली. मानेतली बारीकशी गाठ दिवसातून वीसदा चाचपली की ती जागा हुळहुळी होते, दुखू लागते; मग ‘आता तर दुखतेही’ म्हणून बोट पुन्हा तिथेच जाते.

माहिती दिली की भीती जाते, हेही अर्धेच खरे. उदाहरणार्थ, कातडीवर पांढरा डाग दिसला की, तो कोडाचा असला तरी, कुष्ठरोगाची शंका येते. कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा तो कळत नाही किंवा कमी कळतो. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने 6 ते 12 महिन्यांत बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अशी माहिती कोण देते, हेही महत्त्वाचे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. ओळखीच्या बाईने घरी येऊन समजावलेले माणसाला पटते. साध्या भीतीला एवढे पुरते. आरोग्यचिंता मात्र माहितीतूनही नवी शंका काढते.

ती कमी होते वर्तनातल्या बदलाने. बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण चाचपण्याची ऊर्मी आली की आधी दहा मिनिटे थांबतो, मग अर्धा तास. अनिश्चितता सोसायला शिकतो. पाच डॉक्टर बदलण्याऐवजी एकाच डॉक्टरकडे ठरलेल्या तारखांना जाणेही उपयोगी पडते. काहींना सेरोटोनिनवर काम करणारी औषधे लागतात. ‘त्यांचं व्यसन लागतं’ हा समज चुकीचा आहे, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच बंद करायची असतात.

उलट टोकाचा समजही धोक्याचा : घाबरट माणसाला खरा आजार होत नाही. स्वीडनमधल्या 2023 च्या अभ्यासात या विकाराचे निदान झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांहून जास्त आढळले, नैसर्गिक कारणांनीही आणि आत्महत्येनेही. म्हणून नवे लक्षण एकदा नीट तपासलेच पाहिजे. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला किंवा कळ हातात उतरली, तर ती चिंता आहे की हृदयविकार, हे घरी ठरवत न बसता 108 ला फोन करावा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.