टर्बोचार्जर बदलताना घ्यावयाची दक्षता

डिझेल मालमोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते. तिचा उपयोग करून घेण्याच्या युक्तीचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले. टर्बोचार्जरमध्ये हा वायू एक चक्र फिरवितो व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरील हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक मिळाल्याने अधिक इंधन नीट जळते व शक्ती वाढते.

जुना टर्बोचार्जर निकामी झाल्यावर, केवळ बोल्ट जुळतात म्हणून वेगळ्या मापाचा बसविणे हितावह नाही. तो मोठा असल्यास कमी वेगात हवा अपुरी पडते. भरलेली गाडी घाट चढताना काळा धूर सोडते आणि इंजिन अतिशय तापून पिस्टनला अपाय होतो. लहान असल्यास त्याचा दांडा मर्यादेबाहेर फिरतो व जळका वायू बाहेर पडण्यास अडथळा होतो. म्हणून इंजिन उत्पादकाने नेमून दिलेल्या क्रमांकाचाच टर्बोचार्जर घ्यावा.

जुना का बिघडला, याचाही शोध घ्यावा. हा दांडा मिनिटास एक लाखाच्या आसपास फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेलाची नळी तुंबलेली किंवा हवेची गाळणी फाटलेली राहिल्यास नवा टर्बोचार्जरही लवकरच निकामी होतो. बसविताना तेलाच्या मार्गात स्वच्छ तेल भरून मगच इंजिन सुरू करावे. घाट चढून आल्यावर ते लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे. स्वस्तात मिळालेल्या विजोड भागापायी संपूर्ण इंजिन उतरविण्याचा खर्च अखेर मालकासच सोसावा लागतो.