मोबाईलमधला दलाल कोणाचा?
जाहिराती रोखण्याचे मार्ग आणि ब्राउझरच्या मर्यादा

बाजारात दलाल नवा नाही. सूत असो, कातडे असो की फळांचा माल असो, घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये एक माणूस उभा असतोच. जुने जाणते व्यापारी धंद्यात नव्याने आलेल्या मुलाला पहिली शिकवण हीच देतात की, दलाल गोड बोलतो की कडू हे पाहू नकोस, त्याची दलाली कोण देतो ते पाहा. ज्याच्याकडून पैसे मिळतात, त्याच्याच बाजूला काटा झुकतो.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात असा एक दलाल बसलेला आहे. त्याचे नाव ब्राउझर. मोबाईलवर इंटरनेटची पाने उघडून दाखविणारे हे साधन आपण विकत घेतलेले नसते, ते फोनबरोबरच येते. फुकट मिळालेल्या वस्तूची दलाली कोण देतो, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

समजा, भिवंडीतील एका यंत्रमागधारकाने सुताचा भाव पाहण्यासाठी एक पान उघडले. वर जाहिरातीची पट्टी, खाली दुसरी पट्टी, मध्येच साऱ्या पडद्यावर येणारे चित्र. ते बंद करण्याची फुली इतकी बारीक की बोट नेमके जाहिरातीवरच पडते. भावाचा तक्ता उतरवून घ्यावा म्हटले तर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन बटणे दिसतात आणि त्यांतील खरे एकच असते. यात वेळ जातो, डेटा जातो, बॅटरी जाते. तेवढ्यावर भागले तर नशीब म्हणावे.

खरे नुकसान कोठे होते?

दुकानातील क्यूआर कोडचे पैसे खात्यात जमा झाले नाहीत की आपण काय करतो? कंपनीचे नाव टाकून ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. शोधयादीत सर्वांत वर जे दिसते ते अनेकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते आणि जाहिरात कोणीही लावू शकतो. भामटे याच जागा विकत घेतात. तेथील क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो, एक ॲप टाकावयास सांगतो, आपला पडदा त्याला दिसू लागतो आणि दिवसभराचा गल्ला निघून जातो.

हा धोका केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना जाहीर इशारा दिला होता की, गुन्हेगार नामांकित कंपन्यांच्या नावाने शोधयादीत जाहिराती देत आहेत. सबब, इंटरनेटवर काही शोधताना जाहिरात रोखणारे साधन वापरावे, असा सल्लाही त्याच इशाऱ्यात होता. तेव्हा जाहिरात रोखणे ही चैन नव्हे. दुकानाला कुलूप लावण्यासारखीच ती साधी खबरदारी आहे.

जाहिरात रोखली जाते ती कशी?

आपण एक पान उघडतो तेव्हा सारे पान एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका पत्त्यावरून येतो, चित्रे दुसऱ्या पत्त्यावरून आणि जाहिराती तर पाच-पंचवीस परक्या पत्त्यांवरून. त्यांतील काही पत्ते जाहिरात दाखविण्याऐवजी आपण काय पाहिले, काय शोधले याची नोंद करीत असतात. जाहिरात रोखणाऱ्या साधनाजवळ अशा पत्त्यांची एक यादी असते. ही यादी स्वयंसेवक सतत दुरुस्त करीत असतात. ब्राउझर एखाद्या पत्त्याकडे माल मागावयास निघाला की साधन यादी पाहते आणि नाव सापडले की मागणीच थांबविते. मालच न आल्यामुळे डेटा वाचतो आणि पान लवकर उघडते.

परंतु हे साधन ब्राउझरला बाहेरून जोडावे लागते. अशा जोडकामाला एक्स्टेन्शन म्हणतात. खरी मेख येथेच आहे.

संगणकावर सोपे, फोनवर अवघड

गूगलने संगणकावरील क्रोम ब्राउझरला २०१० पासून एक्स्टेन्शन जोडण्याची सोय दिली. अँड्रॉइड फोनवरील क्रोमला मात्र ती सोय दिली नाही आणि आजही आपल्या फोनवरील क्रोमला ती नाही. मार्च २०१३ मध्ये गूगलने आपल्या प्ले स्टोअरमधून जाहिरात रोखणारी ॲपही काढून टाकली. ही ॲप दुसऱ्यांच्या सेवेत ढवळाढवळ करतात, असे कारण देण्यात आले. २०१६ च्या आरंभी सॅमसंगने आपल्या ब्राउझरमध्ये अशी साधने चालू दिली, तेव्हाही त्यांपैकी एक ॲप स्टोअरमधून हटविण्यात आले. ओरड झाल्यावर काही दिवसांनी ते परत आले.

असे का, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचे २०२४ सालचे एकूण उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते आणि त्यांतील सुमारे २६५ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. म्हणजे रुपयातील बारा आणे. ज्याचे दुकान जाहिरातीवर चालते, तो जाहिरात रोखणारे कुलूप आपल्या हाताने आपल्याला कसे देईल?

तथापि, एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. क्रोमने २०१८ पासून काही देशांत आणि जुलै २०१९ पासून जगभर, अतिशय त्रासदायक जाहिराती दाखविणाऱ्या संकेतस्थळांच्या जाहिराती स्वतःहून बंद करण्यास सुरुवात केली. परंतु त्रासदायक कोणती आणि सभ्य कोणती, हे ठरविण्यात जाहिरात धंद्यातील कंपन्यांचाच हात आहे. वजन तपासणारा अधिकारी मापाच्या कारखान्यातूनच यावा, असा हा प्रकार झाला.

आयफोनची गोष्ट वेगळी, पण सर्वस्वी मोकळी नाही. ॲपलने सप्टेंबर २०१५ मध्ये सफारी ब्राउझरमध्ये जाहिरात रोखण्याची सोय दिली. मात्र भारतातील आयफोनवर कोणत्याही नावाचा ब्राउझर टाकला तरी आतील यंत्र ॲपलचेच वापरावे लागते. त्यामुळे पाटी वेगळी आणि माल तोच, अशी स्थिती राहते. शिवाय सफारीत गूगलचा शोध आधीपासून लावून ठेवण्यासाठी गूगलने २०२२ मध्ये ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, ही बाब अमेरिकेतील खटल्यात उघड झाली. फायरफॉक्स हा ब्राउझर एका ना-नफा संस्थेचा आहे, पण तिच्याही उत्पन्नाचा मोठा भाग गूगलबरोबरच्या अशाच करारातून येतो. दलाली न घेणारा दलाल या पेठेत क्वचितच भेटतो. कोण किती घेतो आणि आपल्याला किती मोकळीक ठेवतो, एवढेच पाहावयाचे.

मग करावे काय?

अँड्रॉइड फोन असलेल्यांसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग फायरफॉक्सचा आहे. प्ले स्टोअरमधून हा ब्राउझर घ्यावा, त्याच्या मेनूतील ‘एक्स्टेन्शन्स’ उघडून ‘यूब्लॉक ओरिजिन’ जोडावे. काम पाच मिनिटांचे आहे, खर्च काही नाही. हे साधन रेमंड हिल या प्रोग्रामरने २०१४ मध्ये सुरू केले आणि त्यासाठी ते देणगीसुद्धा स्वीकारीत नाहीत. २०२० मध्ये फायरफॉक्सची नवी बांधणी झाली तेव्हा मोजकीच एक्स्टेन्शन्स चालत होती. डिसेंबर २०२३ पासून ही बंधने उठली आहेत. नावात मात्र गल्लत करू नये. मिळतीजुळती नावे घेऊन फिरणारी साधने बरीच आहेत.

ज्यांना जोडकामाची कटकट नको, त्यांनी ब्रेव्ह किंवा ओपेरा घ्यावा. दोहोंत जाहिरात रोखण्याची सोय आतच आहे. ब्रेव्हमध्ये ती आधीपासून चालू असते, ओपेरात सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावे. सॅमसंगचा फोन असेल तर त्याच्याच ब्राउझरला जाहिरात रोखणारे ॲप जोडता येते. यूसी ब्राउझर एके काळी आपल्याकडे घरोघरी होता, पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेला. कोणी आज त्याची फाइल व्हॉट्सॲपवर पाठविली तर घेऊ नये.

आयफोनवर ॲप स्टोअरमधून जाहिरात रोखणारे ॲप घेऊन ते सेटिंग्जमधील सफारीच्या एक्स्टेन्शन्समध्ये चालू करावे लागते. यूब्लॉक ओरिजिनची ‘लाइट’ आवृत्ती २०२५ पासून तेथे मिळते. ते सफारीतच चालते. आयफोनवरील क्रोममध्ये त्याचा उपयोग होत नाही.

आणखी एक मार्ग फोनच्या आतूनच जातो. अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आहे. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्याची वही. जाहिरातवाल्यांचे पत्ते गाळलेली वही वापरली की ब्राउझरबरोबर पुष्कळ ॲपमधील जाहिरातीही थांबतात. यासाठी ॲडगार्डची मोफत वही प्रसिद्ध आहे. तिचा पत्ता ‘डीएनएस डॉट ॲडगार्ड डॅश डीएनएस डॉट कॉम’ असा इंग्रजी अक्षरांत लिहावा. एखादे बँकेचे किंवा सरकारी पान त्यामुळे अडले तर ही सोय तेवढ्यापुरती बंद करून काम उरकावे.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र शेवटी सांगतो. पुष्कळांच्या फोनवर दिवसभर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘तुम्हाला बक्षीस लागले’ असे संदेश येतात. ती बहुधा कोणत्या तरी पानावर नकळत ‘अलाऊ’ दाबल्याची शिक्षा असते. क्रोमच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स असे जावे आणि अनोळखी नावे बंद करावीत. यासाठी काहीही नवे टाकावे लागत नाही.

या कुलपाच्या मर्यादा

एवढे करूनही सर्व जाहिराती जाणार नाहीत, हे आधीच समजून घ्यावे. पहिली मर्यादा अशी की, ब्राउझरचे साधन ब्राउझरपुरतेच चालते. यूट्यूब, फेसबुक किंवा खेळांच्या ॲपमध्ये त्याला प्रवेश नाही. दुसरी अशी की, फेसबुक-इन्स्टाग्राममधील दुवा दाबला तर पान त्यांच्याच आतल्या खिडकीत उघडते, आपल्या ब्राउझरमध्ये नाही. अशा वेळी मेनूतून ते बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडावे. आपला नवा ब्राउझर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट’ म्हणून नेमला नाही, तर व्हॉट्सॲपवर आलेले दुवेही जुन्याच ब्राउझरमध्ये उघडत राहतील. तिसरी मर्यादा पत्त्याच्या वहीची. मजकूर आणि जाहिरात एकाच पत्त्यावरून येत असेल तर वही त्यांत फरक करू शकत नाही. म्हणूनच यूट्यूबची जाहिरात तिला अडविता येत नाही.

चौथी गोष्ट मर्यादेपेक्षा धोक्याची आहे. ‘सर्व जाहिराती बंद’ असे सांगणारी काही मोफत व्हीपीएन ॲप फोनची सारी ये-जा स्वतःकडून वळवून घेतात. म्हणजे चोर नको म्हणून ठेवलेल्या अनोळखी रखवालदाराच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यासारखे झाले. ज्या फोनवर धंद्याचे खाते आहे, त्यावर असले काही टाकू नये.

दुसरी बाजूही पाहावी

आपण स्वतः व्यापारी आहोत. ईदच्या हंगामात आपणही जाहिरात देतो आणि जाहिरातीवर अनेक लहान वर्तमानपत्रे व संकेतस्थळे जगतात. सप्टेंबर २०१५ मध्ये मार्को आर्मेंट या अमेरिकन प्रोग्रामरचे ‘पीस’ नावाचे जाहिरात रोखणारे ॲप आयफोनच्या सशुल्क ॲपमध्ये अव्वल ठरले. दोनच दिवसांत त्यांनी ते स्वतःहून मागे घेतले. ज्यांचा काही दोष नाही अशांच्याही पोटावर हे साधन पाय देते, ही गोष्ट त्यांना पटत नव्हती. त्यांचा प्रश्न खोटा नाही. यावर तोडगा असा की, जे संकेतस्थळ आपल्या उपयोगाचे आहे आणि सभ्यपणे जाहिरात दाखविते, त्याला यूब्लॉकमध्ये एका बटणाने सूट देता येते. ज्याच्याकडून रोज माल घेतो, त्याचा हिस्सा त्याला मिळावा. वाट अडवून खिशात हात घालणाऱ्याला मात्र कोणताही हक्क नाही.

शेवटी व्यापारी बांधवांना एवढेच सांगावयाचे आहे की, जाहिरात रोखणारे साधन डोळ्यांवरील धूळ पुसते, डोळे देत नाही. कंपनीचा क्रमांक शोधयादीतून घेऊ नये. तो बिलावर, पासबुकावर किंवा त्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये पाहावा. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये. फसगत झालीच तर लाज न बाळगता त्याच घटकेला १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे, कारण उशीर होईल तसे पैसे परत मिळण्याची आशा कमी होते. येत्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढून आपला, घरच्यांचा आणि दुकानातील पोऱ्याचा फोन एकदा नीट करून घ्यावा. दलाल ठेवू नका असे कोणी म्हणत नाही, पण त्याची दलाली कोण देतो हे माहीत असले, तर सौदा आपल्या हाती राहतो.